सतरा बशा

या, असे पुढे सरका, म्हणजे मागच्यांनाही बसता येईल. जकार्तातल्या एका लेकाची गोष्ट आहे. गोष्ट बशीएवढीच, पण पोट भरेल.

यासरिलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गावाहून आलेली त्याची आई भर रस्त्यात थांबून म्हणत होती, "मला हाजी बहारचंच जेवणाचं दुकान दाखव."

गेले तीन दिवस त्याने तिला अख्खं शहर चाखवलं होतं. ग्लोडोकमध्ये चिनी मुसलमानाच्या गाड्यावरच्या शेवया, चोंडेतच्या अरबांकडचा बोकडाचा भात, मनाडोवाल्यांची जीभ पोळणारी मासळी, इथल्याच मूळच्या बेतावी म्हातारीचा दुधातला रस्सा. आमाक, म्हणजे आई, सगळं मनापासून खायची आणि हात धुताना म्हणायची, "छान आहे हो. मिरची मात्र आपलीच!" फक्त मिनांग, म्हणजे त्यांच्याच सुमात्राकडच्या, माणसाच्या दुकानात तो तिला नेत नव्हता. "घरी रोज खातेस तेच इथे काय खायचं?"

खरं कारण वेगळं होतं. गाव सोडलेल्या मिनांग मुलाने मोठं होऊनच परतायचं असतं. यासरिलने गावात सांगून ठेवलं होतं की तो विमा कंपनीत साहेब आहे. प्रत्यक्षात नऊ वर्षं तो हाजी बहारच्या दुकानात बशा वाढत होता. कळलं तर आमाकला गावात मान वर करता येणार नाही, ही धास्ती त्याला झोपू देत नव्हती. आल्या दिवशीच तिने त्याचा पांढरा सदरा धुवायला घेतला आणि डाव्या बाहीवरचे पिवळे डाग कितीतरी वेळ चोळत बसली. मग तिने तो दोरीवर वाळत घातला.

"गावचा माणूस आहे. सलाम न करता परतले, तर बायका मला फाडून खातील," आमाक म्हणाली आणि चालायलाच लागली.

दुकानात जुम्म्याच्या नमाजानंतरची गर्दी उसळली होती. गल्ल्यावरच्या हाजींनी यासरिलला पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याच्यासोबत काम करणारा वाढपी रुस्दी टेबल पुसत हळूच म्हणाला, "बसा साहेब! विम्याचा धंदा कसा चाललाय?" यासरिलने डोळे वटारले.

तेवढ्यात बसभर पाहुणे आत शिरले. दोन वाढपी रजेवर. मिनांग दुकानात काही मागवावं लागत नाही. गिऱ्हाईक टेकलं की सगळे पदार्थ त्याच्यापुढे मांडायचे. पाहुणा रिकाम्या टेबलाशी बसून राहिला, तर दुकानाची अब्रू जाते. इथे तर पाच टेबलं रिकामी. रुस्दी घामाघूम. शेवटी म्हातारे हाजी स्वतःच गुडघा धरून उठू लागले.

यासरिलने आईकडे पाहिलं, हाजींकडे पाहिलं. आणि तो उठला.

बाह्या दुमडायचंही भान राहिलं नाही. डाव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत बशीवर बशी चढली. नारळात आटवलेलं रेंदांग मटण, माशाचं कालवण, अंडी, फणसाची भाजी. देवळातल्या समईची ज्योत जपावी तसा तो गर्दीतून गेला. थेंब सांडला नाही. पाचही टेबलं भरली, तेव्हा कुठे त्याला आई आठवली.

तो तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

आमाकने वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली. "पहिल्या खेपेला किती होत्या रे?"

"सतरा."

"तुझ्या अबाकला चौदाच जमायच्या. मी एकदा चोरून मोजल्या होत्या."

"अबाकना?" वडिलांचा विषय निघताच तो चमकला. "ते तर बंदरावर, जहाज कंपनीत..."

"मलाही तेच सांगायचे. तेवीस वर्षं त्यांच्या सदऱ्याची डावी बाही मी चोळली. त्यांचा मान राहावा म्हणून गप्प बसले, आणि ते बिचारे मान खाली घालूनच गेले. तू वर कर बघू."

तेव्हा मंडळी, तुमच्या पानात कुणी काही वाढलं, तर त्या चौदा बशांवाल्याची एकदा आठवण काढा.