बोटीवर न्यायचं मशीन

"कुणाला रात्री झोपताना मशीन लागतं का? श्वासाचं वगैरे?" ट्रॅव्हल कंपनीच्या संध्याने हातातल्या यादीत बघत विचारलं. "असेल तर आजच सांगा. बोटीला आधी कळवावं लागतं. तिथे आपली एक्स्टेन्शन वायर नेऊन जोडलेली चालत नाही."

कंपनीच्या नाशिकच्या हॉलमध्ये तीसेक माणसं बसली होती. एप्रिल २००७. पुढच्या रविवारी सगळे विमानाने सिंगापूरला आणि तिथून तीन रात्रींसाठी बोटीवर जाणार होते.

गोटीराम काकड खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सरुबाईंनी, कोपराने त्यांना ढोसलं.

"गप बस," ते पुटपुटले. "तीन रात्रींनी काय होतंय? घरीच राहू दे ते."

पुढच्या रांगेत त्यांचे व्याही बसले होते. निफाडचे रावजी. जावयाने सासू-सासरे आणि आई-वडील, चौघांचीही तिकिटं एकदमच काढली होती. मुलीच्या, प्रतिभाच्या, लग्नात गोटीराम भर मांडवात, सनई चालू असताना, खुर्चीत झोपले होते. रावजींनी ती गोष्ट दोन्ही तालुक्यांत पोचवली होती. त्यांना मशीनचं कळलं तर नाकाला नळी लावलेला व्याही घरोघर रंगवून सांगतील, हे गोटीरामना पक्कं ठाऊक होतं. म्हणून मखमलाबादला घरी पाहुणे आले, की मशीन कपाटात जायचं.

"नाही ना कुणाचं?" संध्याने यादीवर पेन टेकवलं.

सरुबाई उभ्या राहिल्या. "माझं हाय."

रावजी वळले. "विहीणबाई, तुम्हाला? कधी बोलल्या नाहीत."

"विषय निघाला नाही," सरुबाई म्हणाल्या आणि पदर सावरत टेबलाकडे गेल्या.

संध्या एकेक विचारत गेली. सरुबाई न अडखळता सांगत गेल्या. झोपताना नाकावर मास्क लावायचा. हवेचा दाब डॉक्टरांनी दहावर ठेवलाय. आतल्या डबीत डिस्टिल्ड पाणी लागतं, एका रात्रीला अर्धी डबी. वायर दोन हाताची आहे, तेवढ्यात प्लग हवा. हवा गाळायची जाळी दर आठ दिवसांनी धुवायची, ती त्या निघायच्या आदल्या दिवशी धुणार होत्या.

"काकू, सगळं पाठ आहे तुमचं," संध्या हसली. "डॉक्टरांचं पत्र आणलंय?"

सरुबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. घरून निघतानाच त्यांनी ते बरोबर घेतलं होतं. पण संध्याने हात पुढे केला तेव्हा त्यांनी पाकीट दिलं नाही. पत्रावर नाव दुसऱ्याचं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं.

"आणलंय," त्या म्हणाल्या. "पण मी उद्या देते."

"उद्या चालणार नाही, काकू. आज दुपारी सगळे कागद मुंबईला जातात. पत्र नसेल तर मशीन विमानात घेऊ देतील की नाही, मी सांगू शकत नाही."

सरुबाई पाकीट धरून उभ्या राहिल्या. मागे वळून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

गोटीराम उठले. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. त्यांनी सरुबाईंच्या हातातलं पाकीट घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"मशीन माझं हाय," ते म्हणाले. हॉलमध्ये शेवटपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात. "झोपेत माझा श्वास थांबतो. ती उगाच स्वतःवर घेतेय."

रावजी त्यांच्याकडे बघत होते. "म्हणजे त्या दिवशी मांडवात..."

"हो. रात्री झोप पुरी व्हायची नाही. दिवसा कुठंही डोळा लागायचा."

रावजी उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची टेबलापाशी सरकवली. "बसा," ते म्हणाले.

गोटीराम बसले. संध्याने फॉर्मवरचं नाव खोडून नवीन लिहिलं.

"त्रास कधीपासून आहे, काका?"

"वर्ष झालं."

"अठरा वर्षं," सरुबाई म्हणाल्या.

गोटीरामनी मान वर केली. "अठरा?"

"मशीन वर्षापूर्वी आलं. श्वास थांबतोय त्याला अठरा झाली. नवीन घरात राहायला गेलो, त्या पावसाळ्यात पहिल्यांदा थांबला. मला वाटलं, गेले. हलवलं तर परत सुरू झाला. मग रोजचंच झालं. थांबला की हलवायचं, सुरू झाला की पडायचं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला स्वप्नं पडतात."

 टेबलावरच्या पाकिटाची घडी गोटीराम बोटाने दाबत राहिले. संध्याने एकचा आकडा खोडला आणि अठरा लिहिलं.

"शेवटचं एक," ती म्हणाली. "केबिनमध्ये दोन पलंग असतात. जोडूनही मिळतात, लांबही. मशीनचा आवाज येतो म्हणून काही बायका लांबचा मागतात. तुम्हाला कसे हवेत?"

"तिलाच विचारा," गोटीराम म्हणाले. "लांब हवा असेल तर लांब द्या. तिची झोप झाली पाहिजे."

"जोडून द्या," सरुबाई म्हणाल्या. "तो आवाज बंद झाला, की मला जाग येते."