मर्व्हची तबकडी

मर्व्हने मीटरची काच काढली, श्वास रोखून बारीक स्क्रू सोडवले आणि जुनी तबकडी काट्याखालून अलगद बाहेर सरकवली. मीटर भंगारातल्या विमानाचं होतं. आता त्यावर कपॅसिटर, म्हणजे रेडिओतले वीज साठवणारे छोटे भाग, तपासायचे, तर नवी तबकडी हवी. चांगल्यासाठी हिरवा पट्टा, बाद झालेल्यासाठी लाल.

“टोस्ट गार झाला,” ग्लेनिस दारातून म्हणाली. “त्या टेकडीवरच्या खोक्यापायी बायकोचं नाव तरी लक्षात आहे का?”

“ग्लोरिया ना?”

तिने हातातलं फडकं त्याच्यावर फेकलं. तो ब्रश सांभाळून रंगवत राहिला.

खोकं म्हणजे गावच्या रेडिओ मंडळाचा, सगळ्यांचे संदेश पुढे पाठवणारा जुना संच. मर्व्हनेच तरुणपणी बांधलेला. वादळ होवो, कांगारूसारखा एखादा वॉलबी तारा तोडो, टेकडी चढायचा तो मर्व्हच. बाकीचे दुकानातून तयार संच आणणारे. त्यांना आतलं ओ की ठो कळत नसे. आता मंडळाने ठरवलं होतं, शनिवारी मर्व्हने आतले कपॅसिटर तपासायचे. ठणठणीत निघाले तर खोकं चालू ठेवायचं. नाहीतर ते मोडीत आणि कंपनीचा नवा संच, देखभालीसकट.

“आणि बाद निघाले तर?” ग्लेनिसने विचारलं.

“निकाल मला ठाऊक आहे,” मर्व्ह म्हणाला.

शनिवारी टेकडीवर सोसाट्याचा वारा होता. अध्यक्ष क्लाइव्ह टोपी धरून शेजारी वाकला. मर्व्हने पहिल्या कपॅसिटरला तारांची टोकं लावली. काटा झपकन उजवीकडे गेला आणि लाल पट्ट्यावर थांबला. दुसरा लावला. लाल. मग तिसरा.

“पुन्हा बघ ना, लेका,” क्लाइव्ह हळूच म्हणाला.

मर्व्हने पुन्हा बघितलं. “काटा खोटं बोलत नाही, क्लाइव्ह.”

“दुसऱ्या कुणाचं मीटर असतं, तर मी मानलं नसतं.” क्लाइव्हने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “खूप केलंस बाबा. आता कंपनीची माणसं बघतील.”

कुणीतरी थर्मासमधला चहा पुढे केला. मर्व्ह मान खाली घालून तो चहा प्यायला. सगळे त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

घरी आल्यावर तो सरळ त्याच्या टेबलाशी जाऊन बसला. मीटर उघडलं, तबकडी बाहेर काढली, उलटी केली. मागची बाजूही तशीच निगुतीने रंगवलेली होती. फक्त हिरवा पट्टा उजवीकडे होता. ती बसवून त्याने पाकिटातला कोरा करकरीत कपॅसिटर तारांना लावला.

काटा झपकन उजवीकडे गेला आणि हिरव्यावर थांबला.

“ग्लेनिस,” त्याने हाक मारली, “तुझ्या बहिणीला कळव. या वर्षी समुद्रावर आपण दोघंही येतोय.”