मोठं पीक

"पानं कशात आणली होती?" परीक्षकांनी विचारलं.

प्रश्न अगदी साधा. परीक्षक तो विचारता विचारता चष्माही पुसत होते. पण पडद्यासमोर उभ्या असलेल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं. मागे पडद्यावर तिच्या चार वर्षांच्या कामाचा आलेख होता. आलेखातल्या उंच टोकाला प्रयोगशाळेत पीक म्हणतात. एक पीक म्हणजे पानातलं एक रसायन. त्यातलं सगळ्यात उंच पीक सूज उतरवणाऱ्या औषधाचं आहे, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं. तेही ठळक अक्षरांत.

यंत्र रसायनाचे तुकडे करतं आणि एकेका तुकड्याचं वजन रेघेने दाखवतं. परीक्षकांनी मघाशी तिला तेच वाचायला लावलं होतं. सगळ्यात मोठी रेघ कितीवर? "एकशे एकोणपन्नास," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला चूक कळली. हा आकडा या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घालतात, त्याची ही खूण. संगणकाने त्याला लांबलचक नाव दिलं होतं, इतर दोन-चार जणांनाही ते पानांतच सापडलेलं होतं, मग ही कशाला खोलात जाते? हुरळून गेली, झालं.

"पानं न घालता नुसतं द्रावक यंत्रात चालवून पाहिलं होतं सर. त्यात हे पीक नव्हतं," तिने शेवटचे हातपाय मारून पाहिले.

"म्हणूनच विचारतोय. पानं कशात होती?"

पानं तिच्या वडिलांनी आणली होती. ते माळी. बागेच्या कडेला त्यांनी ते झुडूप जपलं होतं आणि कुणाचा गुडघा सुजला की ते त्याचा पाला फुकट वाटत. पीक दिसलं त्या दिवशी तिने त्यांना फोन केला होता. "बाबा, पीक आलंय! केवढं तरी मोठं!" "या दिवसांत? कशाचं गं?" त्यांनी विचारलं, आणि ती पोट धरधरून हसली होती.

हे फोनवर. प्रयोगशाळेत मात्र ते बाबा नव्हते. पहिल्यांदा ते ओल्या फडक्यात पाला बांधून आत आले, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "भाजी आली वाटतं." सगळे हसले. लाज वाटायला हवी होती हसणाऱ्यांची, तर हिला वाटली बापाची. "पाला देतात ते," एवढीच तिने ओळख करून दिली. त्यानंतर त्यांनी फाटकापाशीच थांबायचं, असं ठरलं. तिथेच ती पाला फडक्यातून काढून कोऱ्या, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, वर छापील चिठ्ठी लावायची. दिसायला कसं शास्त्रीय! मग ती पिशवी आठ-आठ दिवस कपाटात पडून राहायची. प्रबंधाच्या पहिल्या पानावरही तिने 'पाने पुरवणाऱ्या एका माळ्याचे' आभार मानले होते.

आजची परीक्षा सगळ्यांना खुली होती. हे कुठून तरी ऐकून ते आले होते आणि इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. तिने आत येताना नजर चुकवली. तेही समजूतदार. कुणा परक्याची मुलगी बघावी तसे बघत होते.

"बोला," परीक्षक म्हणाले.

पिशवी माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. पण मार्गदर्शक बाईंचा चेहरा उतरला होता, पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती, आणि चार वर्षं डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती.

"बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत आणली," ती बोलून गेली.

"कुणाच्या बाबांनी?" मार्गदर्शक बाईंनी गोंधळून विचारलं.

"माझ्या." तिने शेवटच्या रांगेकडे बोट केलं.

सगळ्या माना वळल्या. ते उठून उभे राहिले. आधी तिच्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे.

"हो साहेब. माझीच चूक," ते म्हणाले. "अडाणी माणूस मी. हाताला लागली ती पिशवी घेतली."

"अहो, तुमची कसली चूक? तुम्हाला कुणी सांगायला नको?" परीक्षकांचा आवाज मऊ झाला. तिला त्यांनी तीन महिने दिले. नवी पानं, कागदात गुंडाळून आणलेली. ते प्रकरण पुन्हा लिहायचं, बाकीचं काम मान्य. मार्गदर्शक बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडील बाहेर व्हरांड्यात नळाला ओंजळ लावून पाणी पीत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही दरवेळी फडक्यातच आणत होतात. पिशवी माझी होती."

"माहीत आहे की."

"मग सगळ्यांसमोर हो का म्हणालात?"

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. तिने इतकं करूनही त्यांचा चेहरा खुलला होता, आणि ते काही केल्या तिला कळत नव्हतं.

"एवढ्या मोठ्या माणसांत आज पहिल्यांदा मला बाबा म्हणालीस," ते म्हणाले. "मग नाही कसं म्हणू?"