पुढचा ट्रक

मिथुननं आजही आपला ट्रक हेमराजच्या बरोबर पुढं आणून लावला.

डोंगरावरून खनिज भरून गाड्या खाली उतरल्या की ताडपत्री बांधायची आणि नंबरात लागायचं. एकदा निघालं की पुढच्याला मागं टाकायचं नाही, हा तिथल्या ड्रायव्हरांचा आपसातला कायदा. मिथुनची ताडपत्री तर केव्हाची बांधून झाली होती. पण हा गडी चाकांना उगाच लाथा मारत उभा राहिला, दोन-तीन गाड्या जाऊ दिल्या, आणि हेमराज स्टिअरिंगवर बसताच झपकन त्याच्या समोर घुसला.

महिना झाला, हेच चाललं होतं. बरं, पुढं जातोस तर जा ना बाबा भरधाव! तेही नाही. एटापल्लीचा रस्ता लागला की हा बैलबंडीच्या चालीनं चालायचा. मागं हेमराज हॉर्नवर हात दाबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. समोर लाल धूळ आणि मिथुनच्या गाडीची पाठ, याच्यापलीकडं त्याला काही दिसायचं नाही.

हेमराजला रस्ता मोकळा लागायचा. आतल्या वाटेला वाघ फिरायला लागला आणि गावोगावच्या सायकली डांबरावर आल्या, तेव्हापासून तर त्याचं डोकं कायमच तापलेलं. धुळीपायी तोंडाला फडकी बांधलेली माणसं, बाई कोण नि बुवा कोण तेही कळेना, आणि सरकायचं नाव नाही. हेमराज अगदी कानाशी जाऊन हॉर्न द्यायचा नि हातभर अंतरावरून गाडी काढायचा. मग सायकलवाले उतरायचे बरोबर मुरमावर. रस्ता काय यांच्या सासऱ्यानं आंदण दिलाय, असं तो चारचौघांत म्हणायचा आणि हसायचा. मिथुन तेवढा हसत नसे.

टपरीवर बापूराव भेटला. हा रिकामी गाडी घेऊन समोरून येणारा, त्यामुळं रांगेच्या पुढं काय चाललंय ते त्याला दिसायचं. हेमराजनं मिथुनचं गाऱ्हाणं मांडलं, तसा बापूरावनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"त्याच्या समोर सायकल असते," तो म्हणाला. "रोज. आश्रमशाळेच्या फाटकापर्यंत मांगं मांगं जाते तो. हॉर्न बी नाई मारत."

"कोनाची सायकल?"

"घ्या! तुले मालूम नाई? डिंपलची. तुया बायकोची."

हेमराजचा चहा तसाच राहिला. डिंपल दोन महिन्यांपासून आश्रमशाळेत स्वयंपाकाला जायची. तो अंधारात घर सोडायचा, ती त्याच्यानंतर निघायची. कोणत्या वाटेनं जाते, कशी जाते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता मात्र सगळं लख्ख दिसायला लागलं. नंबर सोडून थांबणारा मिथुन. धिम्या चालीनं तिची पाठ बघत जाणारा मिथुन. आणि नवरा मागं धूळ खातोय! मिथुन बिनलग्नाचा, केसाला रोज कंगवा करणारा.

घरी आल्यावर त्यानं डिंपलवर नजर ठेवली. ती आपली चुलीपुढं मासोळ्या तळत होती. हिच्या तोंडावर काहीच कसं दिसत नाही, याचाच त्याला जास्त राग आला. मिथुनला ओळखतेस का, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, ओळखते की. मागं सायकलवरून पडले होते, तेव्हा त्यानंच उचललं, दवाखान्यात नेलं.

उचललं! हेमराजला पुढचं काही ऐकूच आलं नाही. कोपराची जखम त्यानं तेव्हा पाहिली होती. सायकल नीट चालवायला शिक, एवढं बोलून तो जेवायला बसला होता. त्या कोपराला आधी मिथुनचा हात लागला होता तर! रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी त्यानं ताडपत्री अर्धवट बांधली आणि मिथुनच्या आधी गाडी काढली. मिथुन धावत आला आणि सरळ बंपरसमोर उभा राहिला. हेमराजनं खाली उडी मारून त्याची गचांडी धरली.

"बायको माई हाये," तो म्हणाला. "तू काऊन तिच्या मांगं फिरून राह्यला?"

मिथुननं हात सोडवला नाही. "मले मालूम हाये, भाऊ. म्हनूनच."

"म्हनूनच म्हंजे?"

"मी नाई सांगत. तिनं शपथ घातली. घरी जाऊन तिलेच इचारा. पन आज माया मांगंच चाला, पाया पडतो."

लाज नाही, शरम नाही, वर तोंड करून शपथेची गोष्ट सांगतो! बाकीच्यांनी दोघांना सोडवलं. हेमराज पुन्हा मिथुनच्या मागं लागला आणि रस्ताभर दात खात राहिला. संध्याकाळी चप्पल न काढताच तो डिंपलसमोर जाऊन उभा राहिला. आज सोक्षमोक्ष लावायचा. हिला हो म्हणायचं असेल तर हो म्हणू दे, आणि जाऊ दे जिकडं जायचं तिकडं.

"कोन लागते तो तुया?" त्यानं विचारलं.

डिंपलनं हात धुतले, पदराला पुसले.

"कोनी नाई. मीच म्हनलं त्याले, रोज माया मांगं राहत जा म्हनून. मले भेव लागते."

"कायचं भेव?"

"पडली त्या दिवशी मले कोनं पाडलं, हे तुमी इचारलंच नाई कधी."

"कोनं पाडलं?"

"एका ट्रकनं. कानाशी हॉर्न मारला न् अंगावरूनच गेला. धूळ बहुत व्हती, नंबर नाई दिसला. मांगच्या फाळक्यावर रंगवलेलं नाव तेवढं वाचलं."

"कोनतं नाव?"

"मायंच."