पेटीबंद सायकल

"अप्पा, थांबा! चाकाला तेल लावू नका."

पंचाक्षरींचा हात हवेतच राहिला. हातात खोबरेलात भिजवलेलं फडकं, पुढ्यात नवी कोरी निळी सायकल. खंडेनवमीचा दिवस. गुळाच्या दुकानातला तराजू, वजनं, गूळ फोडायचा सुरा, सगळ्याला तेल लावून झालं होतं. आता खंडेनवमीला दारातल्या गाडीवर तेलाचा हात फिरवायचा नाही, तर मग फिरवायचा कधी?

"का गं?"

शांभवी पायरीवर बसून पेटीतनं निघालेला कागद वाचत होती. चौदा वर्षांची पोर, इंग्रजी शाळेतली. छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय सोडायची नाही. उद्या दसऱ्याला याच सायकलवरनं मैत्रिणींना सोनं वाटत फिरणार होती.

"लिवलंय की हितं. साखळीला तेल लावा, पण रिमला लावायचं न्हाई. रबर सरकतंय आन् ब्रेक धरत न्हाई."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

सायकल इंटरनेटवरनं मागवलेली. दोन हजार नऊ साल, गल्लीत असलं काही कुणी केलं नव्हतं. पुण्याच्या भाच्यानं आपल्या कार्डावर मागवली आणि आठ दिवसांत पुठ्ठ्याची लांबलचक पेटी दारात येऊन पडली. लोक कुठं गप्प बसतात! "कोपऱ्यावर इलाहीचं सायकलचं दुकान, आन् ह्यांची सायकल कुरिअरनं येतीया!" पण हसणाऱ्यांनाही कारण ठाऊक होतं. गेली दहा वर्षं पंचाक्षरी इलाहीच्या दुकानापुढनं गेले नव्हते. देवळाला जायचं असलं तरी मागच्या बोळातनं वळसा. पोरीनं वर्षभर हट्ट धरला तेव्हा कुठं ते कबूल झाले, तेही भाच्याला बजावून, "कुठल्या मिस्त्रीचा हात लागलेली नको. पेटीबंद पाठीव." हँडल आणि पायडल त्यांनी स्वतःच बसवली.

सगळं सोमेशमुळं. सोमेश म्हणजे शांभवीचा थोरला भाऊ. तोही तेव्हा चौदाचाच होता. इलाहीच्या दुकानातनं घेतलेली लाल सायकल काढून दसऱ्याच्या सकाळी दोस्तांबरोबर जोतिबाला गेला. उतरताना घाटात ब्रेक लागले नाहीत. मागनं येणारी पोरं नंतर रडत सांगत होती, शेवटच्या वळणापर्यंत तो घंटी वाजवत गेला. माणसं बाजूला व्हावीत म्हणून.

ती घंटी पंचाक्षरींच्या कानातनं काही गेली नाही. जेवताना वाजायची. गिऱ्हाइकाला गूळ तोलताना वाजायची, आणि तराजू धरलेला हात तिथंच थांबायचा. बायको, बसम्मा, विचारायची, "काय झालं ओ?" ते म्हणायचे, "काय न्हाई."

सोमेश गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ते इलाहीच्या दुकानापुढं उभे राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "तुझ्या ब्रेकनं माझं पोरगं खाल्लं!"

इलाहीनं मान खाली घातली होती. "चुकलं माझं, अण्णा. ब्रेक ढिला ऱ्हायलता."

त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. पोरांना लोक लांबच्या दुकानात नेऊ लागले. इलाहीनं उलट एक शब्द काढला नाही. मनातनं खातंय त्याला, म्हणून गप्प आहे, असं पंचाक्षरींना वाटायचं. त्यांना तेवढाच काय तो आधार होता.

आणि आता हा कागद.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेव्हाही खंडेनवमीच होती. हीच पायरी. हाच खोबरेलाचा डबा. सोमेश शेजारी उकिडवा बसलेला. "अप्पा, रिमवर आजून एक हात मारा की. तोंड दिसाय पायजे त्यात." आणि त्यांनी मारला होता. चांगला दाबून, दोन्ही चाकांना.

"अप्पा, काय झालं?" शांभवी उठून जवळ आली.

"सायकलला हात लावू नगंस," एवढंच ते म्हणाले आणि पायात चप्पल न घालता निघाले. बोळातनं नाही, सरळ रस्त्यानं.

इलाही दुकानात पाने-पकडी धुऊन फळीवर मांडत होता. शेजारी झेंडूचा हार. खंडेनवमीला हत्यारांना हार घालायची त्याच्या बापापासूनची रीत. दाढी पार पांढरी झालेली. मागच्या भिंतीवर ती लाल सायकल टांगलेली होती, पुढचं चाक दुमडलेलं. पंचाक्षरींचे पाय उंबऱ्यातच अडकले. ती मोडीत गेली असेल असं ते धरून चालले होते.

इलाहीनं वर बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"त्या दिवशी घाटातनं सायकल तूच आणलीस न्हवं?" पंचाक्षरींनी विचारलं. "चाकाला काय लागलं हुतं?"

"काय न्हवतं, अण्णा. ब्रेक ढिला—"

"इलाही. आज तरी खरं सांग. पाया पडतो तुझ्या."

त्यांनी हात जोडले. हात अजून तेलकट होते. खोबरेलाचा वास दुकानभर सुटला होता. इलाही त्या हातांकडं बघत राहिला. मग खांद्यावरचं फडकं काढून तो पुढं आला, त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट पुसू लागला.

"वासावरनंच वळखलं हुतं मी," खाली बघतच तो म्हणाला. "पोलीस यायच्या आत तितंच घाटात पुसून काढलं. पोरगं तर गेलंच हुतं, अण्णा. तुमी तरी ऱ्हायला पायजे हुतासा की."