आवाजाची तक्रार

"नेमबाजीतर्फे कोण?" उपसचिव मानसी गुंजाळ यांनी विचारलं.

अच्युत नवलकरांनी हात वर केला. दादरच्या त्या सरकारी सभागृहात तेवढाच एक हात वर होता. कबड्डीवाले सकाळी हारतुरे घेऊन आले होते. भाषणं करून, बटाटेवडे खाऊन गेले. नव्या क्रीडा धोरणाच्या मसुद्यावर जनतेचं म्हणणं ऐकून घ्यायचा तो दिवस होता आणि जनता जेवायला गेली होती.

मसुद्यातल्या एका कलमानं नवलकरांची झोप उडवली होती. वस्तीतल्या नेमबाजी केंद्राला शेजाऱ्यांचा आक्षेप असेल, तर केंद्र शहराबाहेर हलवायचं. त्यांचा रायफल क्लब ठाकूरद्वारला एका शाळेच्या माळ्यावर होता. तिथून हलला की संपला. आक्षेप घेईल असं शेजारी एकच माणूस होतं, समोरच्या इमारतीतल्या लीलाबाई विजयकर. कित्येक वर्षं त्या आवाजाबद्दल तक्रारी करत होत्या. आजही आल्या होत्या. त्याच रांगेत, दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर. मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

नवलकर उभे राहिले. "मॅडम, आमच्याकडे फक्त एअर रायफल. छऱ्याचा आवाज म्हणजे पापड मोडल्याएवढा. आमचे चाळीस सभासद..."

"एक," लीलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"काय एक?" मानसीबाईंनी विचारलं.

"सभासद. पूर्वी संध्याकाळी लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. आता एक फट् होतं. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक. यांच्याशिवाय कोणी फिरकत नाही तिथे."

नवलकरांनी चष्मा पुसला. चाळीस नावं खरी होती. बरीचशी आता पनवेलला राहत होती, काही कॅनडात, दोन-तीन त्याहून लांब. संध्याकाळी कुलूप उघडायचे ते नवलकर, टार्गेट लावायचे ते नवलकर आणि नेम छान लागला म्हणून मान डोलवायचे तेही नवलकरच. हे शासनाला कळवायची गरज त्यांना वाटली नव्हती.

"एका माणसासाठी केंद्र?" मानसीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "आजी, तुमचा आक्षेप लिहून घेते. आवाजाचा त्रास. बरोबर?"

"आवाजाचा त्रास हे तुमच्या लोकांनी लिहिलं. मी सांगत होते, त्यांना घाई होती. मला त्रास होतो तो मधल्या वेळाचा."

"म्हणजे?"

"एकटा माणूस, वय झालेलं. एक बार काढतात आणि मग चिडीचूप. मी हातातलं टाकून खिडकीशी जाते. यांचं काही बरंवाईट झालं तर कळणार कोणाला? तेवढ्यात फट्. मी परत आत. रोजचं आहे हे." त्या नवलकरांकडे वळल्या. "इतका वेळ करता काय हो तुम्ही?"

"श्वास बसायची वाट बघतो," नवलकर म्हणाले. खेळाबद्दल त्यांना कोणी काही विचारल्याला बरीच वर्षं झाली होती. "नाही बसला, तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात. घाई केली की नेम चुकतो."

"मग चुकू दे ना."

"आजी, केंद्र बंद करायचं की नाही?" मानसीबाईंनी विचारलं.

"बंद करा असं कोण म्हणालं? जरा भरभर मारायला सांगा."

मानसीबाईंनी थोडा वेळ छताकडे बघितलं आणि 'आक्षेप नाही' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी नवलकर श्वासाची वाट न बघता एकामागून एक छर्रे सोडत राहिले. बरेचसे कागदालासुद्धा लागले नाहीत. उभ्या आयुष्यातला तो त्यांचा सर्वांत वाईट स्कोअर होता. त्यांनी माळ्याची खिडकी उघडली आणि तो मोठ्यानं वाचून दाखवला.