घाई नसलेली बाई

"मागू नकोस हं मावशी. मागितलंस तर आत जाशील," कॉलरवाली म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

सगळ्या हसल्या. जिला हे म्हटलं ती काजवालीही हसली, कारण तिला ती थट्टा वाटली. पगार नुकताच हातात पडला होता आणि भिशीचा शेवटचा नंबर तिचा होता. शर्टांच्या त्या कारखान्यातल्या आठ जणी दर पगाराला सारखे पैसे काढत आणि एकीच्या हातात ठेवत. लिहून कोणी ठेवत नसे. हप्ता चुकला तर बाकीच्या आपल्याकडे कशा बघतील, ही भीती पुरेशी होती. काजवालीचा नंबर खरा तिसरा. पण कॉलरवालीचं बाळंतपण निघालं, मग ओव्हरलॉकवालीच्या नवऱ्याचा पाय मोडला, मग आणखी कुणाचं काही. दर वेळी ही म्हणायची, "घ्या गं तुम्ही, मला कुठे घाई आहे?" घाई नसलेलं माणूस सगळ्यांना फार आवडतं.

आदल्या संध्याकाळी सरकारने सगळ्यांची पाटी कोरी केली होती. बँका बंद पडून महिना झाला होता, धंदे बसले होते, कोणीच कोणाचं फेडत नव्हतं. तेव्हा रेडिओवरून सांगितलं की आजवरचं सगळं देणं रद्द. बँकेचं, सावकाराचं, शेजाऱ्याचं. जुनं येणं मागायला जाईल त्याला कैद. ते ऐकून काजवाली खोलीत चक्क नाचली होती. थकलेलं भाडं एका वाक्यात फिटलं! अंथरुणातून नवरा खोकत खोकत हसला होता.

सकाळी घरमालक दारात आला. भांडायला नाही, अगदी गोड बोलायला.

"जुनं गेलं बाई, सरकारपुढे मी कोण? पण यापुढे उधारी नाही. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर कुलूप."

भिशी आहे की, असं म्हणून ती कामावर आली.

कटिंगचे मास्तर सकाळपासून दंगा होणार म्हणत होते. "ज्यांचं बुडालं ते गप्प बसतात होय? दुपारपर्यंत दुकानं पेटतात की नाही बघा." मालकाने भीतीने शटर अर्धं ओढून घेतलं होतं. दुपार झाली. काहीच पेटलं नाही. रस्त्यावर ओळखीची माणसं एकमेकांना बघून फूटपाथ बदलत होती, तेवढंच.

"अगं, पण भिशी म्हणजे काय कर्ज आहे?" काजवाली म्हणाली. "ती आपली आपल्यातली."

"आपल्यातलंच सगळ्यात आधी रद्द झालंय," ओव्हरलॉकवाली मान वर न करता म्हणाली. "आम्ही का बुडवतोय? कायदाच तसा आलाय."

"थट्टा पुरे गं."

कोणी हसलं नाही. तेव्हा कुठे तिला कळलं.

"कुलूप लावील तो," ती म्हणाली. "अंथरुणातल्या माणसाला घेऊन मी जाऊ कुठे?"

मशिनी एकेक करून थांबल्या. बायका दुष्ट नव्हत्या. प्रत्येकीच्या दारात सकाळी कोणी ना कोणी आगाऊ पैसे मागायला येऊन गेलं होतं. कॉलरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. ती उठली, एकेकीच्या मशिनीपाशी वाकून कुजबुजली. पदरांच्या गाठी सुटल्या, पर्सच्या चेनी ओढल्या गेल्या.

"मावशी, आम्ही काही दगड नाही," ती परत येऊन म्हणाली. "नवीन भिशी काढली. आजपासून. आणि पहिला नंबर तुझा."

"बघा," मास्तर कात्री खाली ठेवत म्हणाले, "माणुसकी अजून शिल्लक आहे."

नोटा काजवालीच्या हातात आल्या. रक्कम तेवढीच, बायकाही त्याच. तिचा अंगठा सवयीने बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. या सात जणींसाठी तिचं एकदा भरून झालं होतं. आता या नोटांपायी त्याच सात जणींसाठी पुन्हा भरायचं. अंगठा मध्येच थांबला. तिने एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांच्या तोंडावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं.

शटरच्या फटीतून येणारं ऊन उतरायला लागलं होतं. तिने नोटा कमरेला खोचल्या.

"उपकार झाले," ती म्हणाली.

"हप्ता तेवढा वेळेवर दे हं मावशी," कॉलरवाली डोळे पुसत म्हणाली. "हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिलेली नाही."